भूतानची ग्रुप टूर, उलटी लागलेली इटिनरी आणि टायगर्स नेस्ट कोण चढणार याचा घोळ

केस अशी. पुण्या-मुंबईकडची २४ माणसं, त्यातली १५ साठीच्या पुढची, दोन शाळकरी पोरं, बाकी मधल्या वयाचे. भूतान, रस्त्याने जाऊन रस्त्याने परत, वसंतातला सीझन आणि नेमका पारोचा त्शेचू उत्सव त्याच आठवड्यात. मी टूर मॅनेजर, तोही फ्रीलान्स, म्हणजे गिऱ्हाईक ऑफिसचं, इटिनरी ऑफिसची आणि बसमध्ये शिव्या खायला मी. ऑफिस कुठलं ते विचारू नका, असं सगळीकडेच कमीजास्त चालतं.

फाईल हातात आली निघायच्या आठवडाभर आधी. बागडोगराला उतरायचं, हासीमारावरून जयगाव, सीमेवरचं गेट ओलांडून भूतानातल्या फुन्शोलिंगला मुक्काम, इथपर्यंत नेहमीचंच. पण दुसऱ्या दिवशी थेट पारो, तिसऱ्या दिवशी सकाळी चेलेला खिंड, चौथ्या दिवशी तक्त्सांग म्हणजे आपण ज्याला टायगर्स नेस्ट म्हणतो तो कड्यावरचा मठ, आणि मग उरलेल्या दिवसांत पुनाखा, थिंफू आणि घर. ब्रोशरवर छान दिसतं हे, दोन हुकमी फोटो पहिल्याच चार दिवसांत.

आता उंच्या बघा. फुन्शोलिंग साधारण २९० मीटर, पारो २,२०० च्या वर, चेलेला खिंड ३,९८८. म्हणजे ज्या माणसाने परवा रात्री पंखा लावून झोप काढली त्याला तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पोटात जायच्या आत जवळपास चार हजार मीटरवर नेऊन उभं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला डोंगर चढायला लावायचा. आपल्याकडे कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्यावर काही नाही. पारोच्या हॉटेलातला तुमचा पलंगच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा पाच-सहाशे मीटर वर असतो, हे मी प्रत्येक ग्रुपला सांगतो आणि प्रत्येक ग्रुप हसतो.

उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे दिसायला लागतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, दाब कमी होतो, तीन हजारावर समुद्रसपाटीच्या ७० टक्के आणि चार हजारावर ६० च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच श्वासात माल कमी. डोकं धरतं, मळमळतं, झोप लागत नाही. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर चेलेलावर गाडीने जाऊन अर्ध्या तासात खाली आलं तर बहुतेकांना काही होत नाही, खरा फरक पडतो तो रात्री झोपता किती उंचीवर याने. पण १५ सीनियर, त्यात बीपीच्या गोळ्या निम्म्यांना, एकाला स्टेंट, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पायी चढाई, या कॉम्बिनेशनला मी सही करणार नव्हतो.

ऑफिसने असं का केलं? साधं कारण, हॉटेल. नेहमीचा क्रम फुन्शोलिंग, थिंफू, पुनाखा आणि शेवटी पारो असाच असतो, कोणी डॉक्टरने बसून आखल्यासारखा बरोबर आहे तो. पण त्या क्रमाने गेलं तर पारोच्या रात्री नेमक्या त्शेचूत येत होत्या. त्शेचूत पारोला खोली मिळणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात खोली मिळण्यासारखं, सगळा देश आणि अर्धं जग तिथे. मग ऑफिसने पारो आधी ओढलं, रेट वाचवला आणि फाईल माझ्याकडे सरकवली. उत्सव चुकतोय ते वेगळंच, म्हणजे त्शेचूच्या आठवड्यात भूतानला जायचं आणि त्शेचू टाळायचा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

क्रम फिरवणं

परमिटचा बाऊ लोक फार करतात. एसडीएफ, म्हणजे भूतान सरकार जी रोजची फी घेतं ती, भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये, ६ ते १२ वयाच्या पोरांना निम्मी. ती रात्रीवर असते, गावावर नाही. फुन्शोलिंगच्या पुढच्या आपल्या सहा रात्रींचे माणशी ७,२०० भरलेत ते पारोला झोपा नाहीतर थिंफूला झोपा, तेवढेच. (२०२२ ला देश परत उघडला तेव्हापासून आपल्यालाही ही फी आहे, त्याआधी भारतीयांना काही नव्हतं. जुने लोक अजून सांगत बसतात आम्ही फुकट गेलो होतो, गेला असाल, आता नाही.) रूट परमिटचं काम गाईड करतो. म्हणजे अडलं होतं फक्त हॉटेलपाशी.

आमचा भूतानी गाईड तिशीतला पोरगा, हिंदी टीव्हीवर शिकलेला आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराचा 'ला' लावणारा, यस ला, ओके ला, नो प्रॉब्लेम ला. त्याला फोन लावून सगळं सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला, सर तीन रात पारो इम्पॉसिबल ला, दो रात ट्राय करता हूँ. संध्याकाळी उत्तर आलं. दोन रात्री मिळतायत, निम्मा ग्रुप हॉटेलात आणि निम्मा एका फार्महाऊसमध्ये, तिसऱ्या रात्री पारोत काहीच नाही, त्यामुळे ती थिंफूला. पारो-थिंफू पन्नासेक किलोमीटर, आणि तसंही दुसऱ्या दिवशी खालीच उतरायचं असतं, त्यामुळे चालून गेलं.

फरक माणशी १,८०० रुपये. यावर ऑफिसचं उत्तर आलं की क्रम गिऱ्हाईकाने बदलून मागितलाय, तर गिऱ्हाईकाने द्यावेत. गिऱ्हाईकाने काही मागितलं नव्हतं, मी मागितलं होतं. मग ग्रुपमधल्या वयाने सगळ्यात मोठ्या सहा जणांना आपापल्या डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून आणायला लावल्या आणि त्या ऑफिसला मेल केल्या. लेखी काही आलं की ऑफिस लगेच मऊ होतं, निम्मे ते देतो म्हणाले. उरलेले ९०० मी ग्रुपवर टाकले, बावीस जणांनी मुकाट्याने दिले, एका जोडप्याने ग्राहक मंचाची भाषा केली आणि फुन्शोलिंगला चहा पिता पिता दिले.

फुन्शोलिंगलाच एक काका फक्त आधार घेऊन आलेले निघाले. भूतानला आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, पोरांना जन्मदाखला. हे तीनदा सांगितलेलं असतं. घरून मतदार कार्डाचा फोटो मागवण्यात, त्याची कलर प्रिंट काढण्यात आणि गाईडच्या गोड बोलण्यात अर्धा दिवस गेला, सुटलं एकदाचं. सगळ्यांच्या बाबतीत सुटेलच असं नाही, मूळ कार्डच न्या.

पुनाखापर्यंत

फुन्शोलिंग-थिंफू रस्ता आपल्या बॉर्डर रोडवाल्यांनी, दंतक प्रोजेक्टने, साठच्या दशकात काढला. त्याच्या आधी काय होतं तर १९५८ ला नेहरू भूतानला आले ते सिक्कीमहून नथुला, तिबेटातलं चुंबी खोरं असं करत, घोड्यावर, याकवर. वय ६८. ही गोष्ट मी मुद्दाम पहिल्याच दिवशी सांगतो, सीनियर लोकांना हुरूप येतो. यावेळी जरा जास्तच आला, ते पुढे येईलच.

थिंफूला दोन रात्री, पहिल्या दिवशी मुद्दाम काही नाही, मेमोरियल चोर्तेनला, म्हणजे स्तूपाला, प्रदक्षिणा मारणाऱ्या आज्ज्यांबरोबर सावकाश चालणं आणि वर टेकडीवरचा ५१ मीटरचा बुद्ध. दारू नाही, झोपेची गोळी नाही, पाणी भरपूर. एक काका व्हॉट्सॲपवर वाचून स्वतःच डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, सुरू करून आले होते, वर बीपीची गोळी लघवी वाढवणारी, म्हणजे दर वीस मिनिटांनी गाडी थांबवा. त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, ते जाम भडकले आणि डायमॉक्स बंद करायला सांगितली. ज्यांना सल्फाची ॲलर्जी आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळीच्या वाटेला जाऊच नये.

मग दोचुला खिंड, ३,१०० मीटर. लोक फोटोसाठी थांबतात, मी माणसं बघायला थांबतो. १०८ चोर्तेन आहेत तिथे एका उंचवट्यावर, २००३ च्या डिसेंबरमध्ये भूतानी सैन्याने दक्षिणेच्या जंगलातून आसामच्या बंडखोरांचे तळ उठवले त्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थ राणीमातेने बांधलेले. वर जायला थोड्याच पायऱ्या. कोण बोलत बोलत चढतं, कोण मध्येच फोटोच्या निमित्ताने थांबतं, कुणाचे ओठ काळपट दिसतायत, हे सगळं अर्ध्या तासात कळतं. आणि नंतर गाडी सरळ खाली पुनाखाला, १,२०० मीटरला, झोप तिथे. नेहमीच्या क्रमाचं हेच तर सगळ्यात भारी आहे, दिवसा जरा वर जाऊन शरीराला चव दाखवायची आणि रात्री खाली आणून निजवायचं.

पुनाखाचं द्झोंग म्हणजे या टूरमधली माझी सगळ्यात आवडती जागा, टायगर्स नेस्टपेक्षाही. फो छू आणि मो छू, बाप नदी आणि आई नदी, दोघींच्या मधे हा पांढरा किल्ला, समोर लाकडी पूल आणि त्या दिवसांत फुललेली जांभळी जॅकरँडा. १६३७ ला झाब्द्रुंग न्गवांग नामग्याल या तिबेटातून आलेल्या लामाने बांधायला घेतला. शिवाजी महाराज तेव्हा सात वर्षांचे, आमच्या ग्रुपमध्ये हा हिशोब कुणीतरी करणारच, केलाच. पण किल्ला म्हणून आपण जे समजतो त्यापेक्षा हे वेगळं, एका बाजूला मठ, एका बाजूला कचेरी, मधे मोठा मनोरा, आणि आजही दोन्ही चालू, भिक्षू इकडून जातायत आणि कारकून फाईल घेऊन तिकडून. या झाब्द्रुंगचा मृत्यू १६५१ चा धरतात आणि तो पन्नासेक वर्षं लपवून ठेवला होता, ध्यानाला बसलेत म्हणून सांगायचे. आमच्यातले निवृत्त मंत्रालयवाले काका म्हणाले, आमच्याकडे पण काही साहेब असेच असायचे. १९०७ ला पहिल्या राजाचा राज्याभिषेक इथलाच, १९९४ ला वरचं हिमतळं फुटून आलेल्या पुराने हे द्झोंग चांगलंच झोडपलं तेही इथलंच, ते परत उभं केलं.

आदल्या रात्रीचं जेवण

पाचव्या दिवशी दुपारी पारो, थेट त्शेचूत. मुखवटे घातलेले नाच, लाखो रुपयांचे रेशमी कपडे घातलेली साधी शेतकरी कुटुंबं डबा घेऊन बसलेली, मधे विदूषक येऊन पब्लिकची टिंगल करतोय. आमच्या पोरांना तोच सगळ्यात आवडला. यावर लिहीत बसलो तर केस राहील बाजूला.

रात्री जेवणानंतर सगळ्यांना एकत्र बसवलं. दुसऱ्या दिवशी तक्त्सांग. माझा नियम एवढाच की वर कोण जाणार हे पायथ्याशी ठरवायचं नाही. पायथ्याशी समोर कड्याला चिकटलेला मठ दिसतो, घोडेवाले ओरडत असतात, शेजारची मावशी निघालेली असते, तिथे कुणीही नाही म्हणत नाही.

ऑक्सिमीटर फिरवला. हा फिरवला की लगेच मार्कांसारखं सुरू होतं, माझं ९३, तुमचं किती, हिचं बघा ९५. बहुतेक सगळे ८९ ते ९५ मधे, त्या उंचीला ठीक. एका वहिनींचं ७८ आलं आणि एकदम शांतता पसरली. बोटं बघितली तर गार पडलेली आणि वर गडद नेलपेंट. हात चोळून, दुसऱ्या हाताच्या बिनरंगाच्या बोटाला लावलं, ९२. तोपर्यंत त्यांच्या मिस्टरांचाच रंग उडाला होता.

आकड्यापेक्षा मी एकच प्रश्न विचारतो, तुमचा त्रास दमाचा की गुडघ्याचा? कारण घोडा फक्त वर नेतो, तोही मधल्या कॅफेटेरियापर्यंत. उतरताना घोडा नाही, पायीच यायचं. लोक काय करतात, गुडघे दुखतात म्हणून घोडा घेतात, आणि गुडघ्यांची वाट तर उतरताना लागते. म्हणजे ज्याला दम लागतो पण पाय धड आहेत त्याला घोडा उपयोगाचा, ज्याचे गुडघे गेलेत त्याला घोडा म्हणजे पैसे देऊन अडकणं. आणि कॅफेटेरियाच्या पुढे अजून एक गंमत, वाट चढत चढत मठाच्या समोरच्या टोकावर जाते, मठ अगदी हातावर दिसतो, मग दरीत उतरत्या पायऱ्या, खाली धबधबा, आणि परत तेवढ्याच चढत्या. जायला मिळून सात-आठशे, यायला परत तेवढ्याच.

यादी अशी झाली: १३ जण पूर्ण, ६ जण कॅफेटेरियापर्यंत त्यातले चार घोड्यावर, ५ जण खालीच, त्यांना कीचू ल्हाखांग हे सातव्या शतकातलं म्हणतात ते जुनं देऊळ आणि म्युझियम, हायएस गाडी घेऊन. मोठी कोस्टर बस पायथ्याशी उभी राहणार, कोणी लवकर उतरलं तर बसायला. एक गाईड पुढे, दुसरा एकदम शेवटच्या माणसाच्या मागे. परत फिरायची वेळ अकरा, कॅफेटेरियातून अकरानंतर कोणी वर जायचं नाही, कारण मठ दुपारी जेवणाच्या सुट्टीला बंद होतो आणि मग सगळं लांबतं.

चढाई

सव्वासातला चालायला लागलो. पार्किंग २,६०० मीटरच्या आसपास, मठ ३,१२० ला, खाली पारो खोऱ्यापासून मोजलं तर ९०० मीटर. निळ्या पाईनच्या झाडीतून लाल मातीची वाट, रात्री पाऊस झाला होता त्यामुळे घोड्यांच्या लिदीचा चिखल. मागचा गाईड एकाच चालीत, धीरे धीरे ला, धीरे धीरे ला. ज्यांनी सुरुवातीला पळापळ केली ते तासाभरात दगडावर बसलेले सापडले, लातूरच्या ६४ वर्षांच्या बाई एकाच स्पीडने त्यांच्या पुढे निघून गेल्या.

घोळ झाला कॅफेटेरियात. हे आपले बँकेतून रिटायर झालेले काका, वय ६८, नेहरूंचं वय ऐकल्यापासून अंगात आलेलं. गुडघ्यात मागच्याच वर्षी इंजेक्शन घेतलेलं, म्हणून यादीत ते कॅफेटेरियापर्यंत, पायी. पण दम एकदम कडक, पायीच पोचले आणि चहा पिऊन सरळ वरच्या वाटेला. म्हटलं, काका अकरा वाजून गेले. ते म्हणाले, अजून पंचवीस मिनिटं आहेत. त्यांचं घड्याळ भारतीय वेळेवर, भूतान अर्धा तास पुढे! आणि वर, दर रविवारी सिंहगड करतो मी, मला शिकवू नका.

आता इथे दोन चुकीचे मार्ग असतात. एक, नियम म्हणजे नियम म्हणून चारचौघांत त्यांना बसवायचं, मग उरलेली टूर ते बोलणार नाहीत आणि त्यांच्या मिसेस माझ्याशी बोलणार नाहीत. दुसरा, जाऊ द्या म्हणायचं, आणि मग त्या पायऱ्यांवर गुडघा अडकला तर तिथे स्ट्रेचरशिवाय काही नाही, आणि ते उचलणार कोण? मी गाईडकडे बघितलं. तो काकांना म्हणाला, अंकल, मठ के अंदर कॅमेरा मना है ला, फोटो तो सामनेवाले पॉईंट से ही आता है, मैं ले के चलता हूँ, सीढी नहीं उतरेंगे. एकदम खरं, कॅमेरा मोबाईल बॅग सगळं आत जायच्या आधी जमा करावं लागतं. काकांनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि तयार झाले. समोरच्या टोकापर्यंत गेले, तिथून मठ बघितला, वीस फोटो काढले, एकच्या आत परत कॅफेटेरियात. गुडघा उतरताना दुखलाच, काठीवर आले शेवटचा भाग, पण पायऱ्या केल्या असत्या तर काय झालं असतं हे त्यांनी स्वतःच संध्याकाळी बोलून दाखवलं, मला नाही, बायकोला.

तेरापैकी बारा आत गेले, एक जण पायऱ्या बघून टोकावरूनच काकांबरोबर फिरले. आत गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून उडत आले आणि ध्यानाला बसले ती गुहा. देऊळ १६९२ चं, १९९८ च्या आगीत बरंचसं जळालं आणि पुन्हा हुबेहूब बांधलं, २००५ ला पूर्ण झालं. त्या कड्यावर ते सामान चढवलं कसं असेल हा प्रश्न आमच्या सिव्हिल इंजिनियर काकांनी चार वेळा विचारला. डोकं दुखलं फक्त दोघांचं, दोघांनीही सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं, वाटेत बाथरूम नाही म्हणून. हे बायकांच्या बाबतीत दर ग्रुपला होतं. कॅफेटेरियात बाथरूम आहे, हे आदल्या रात्री स्पष्ट शब्दांत सांगायला लागतं.

चेलेला

हे आलं सगळ्यात शेवटी, सातव्या दिवशी. तोपर्यंत सगळे उंचीवर चार रात्री आणि पुनाखाला एक झोपलेले. गाडीने दीडेक तास, वरती अर्धा तास, पळायचं नाही, बर्फ दिसला तरी नाही, आणि गाडी पारोच्या दिशेला तोंड करून उभी. काल न चढलेले पाच जण सगळ्यात पुढे. ढग नव्हते, जोमोल्हारी शिखर पूर्ण दिसलं, ७,३०० मीटरच्या वर, आणि खिंडीत वारलेल्या माणसांच्या नावाने लावलेल्या उंच पांढऱ्या पताका वाऱ्याने फडफडतायत. दोन पोरं अर्थातच पळाली. पोरांना काही झालं नाही, त्यांच्या मागे धावलेल्या आजीला चक्कर आली. गाडीत बसवलं, पाणी दिलं, तीच गाडी लगेच खाली काढली, पारो दिसायला लागेपर्यंत त्या शेजारणीला पोह्यांची रेसिपी सांगत होत्या. पहिल्या फाईलप्रमाणे हेच तिसऱ्या दिवशी झालं असतं तर त्या आजी बहुतेक पुढचा अख्खा दिवस खोलीत असत्या, आणि एक गाईड त्यांच्याजवळ अडकला असता.

पुढच्या बॅचच्या इटिनरीत ऑफिसने पारो शेवटी टाकलंय, त्शेचूच्या तारखाही टाळल्यात. दमाचा की गुडघ्याचा हा प्रश्न बुकिंग फॉर्मवर छापायला मात्र तयार नाहीत, म्हणे गिऱ्हाईक घाबरतं. त्यामुळे तो मी निघायच्या आधी एकेकाला फोन करून विचारतो, आणि घड्याळ अर्धा तास पुढे करायचं फुन्शोलिंगच्या गेटवरच सगळ्यांकडून करून घेतो.